हुंड्यात न दिलेलं मुलुंड

आषाढी एकादशीला तुमच्याकडे साबुदाण्याची खिचडी होते ना? मग ताटली समोर आली की एकदा मोजून बघा, तिच्यात आपलं असं काय काय आहे! साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटाही तिकडचा. हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच आलेली. आपल्याकडे तिखटाला होती ती काळी मिरी, आणि तिच्यावरूनच या नव्या पाहुणीला आपण मिरची म्हणायला लागलो. राहता राहिलं जिरं नि तूप! कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली, पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले १४९८ साली, आणि त्यानंतर एकेक करत ही मंडळी आपल्या स्वयंपाकघरात शिरली. ज्ञानेश्वर माउली तेराव्या शतकातली. तेव्हाच्या एकादशीला खिचडी असणं शक्यच नाही.

हे मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या. दोनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "म्हणजे गं, सत्तर वर्षं मी उपास मोडत होते की काय?"

मी म्हटलं, "नाही हो आजी. पण अगदी मनाला लागलं असेल तर वरी खा. वरी आपली आहे, जुनी आहे."

"वरीनं मला पित्त होतं," आजी म्हणाल्या, आणि विषय मिटला. संध्याकाळी त्यांच्याकडून खिचडीची वाटी आली.

आता फळ्याचं सांगते. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली, जुनी सोसायटी. प्रवेशद्वारातच पत्रपेट्यांच्या शेजारी एक फळा. त्यावर 'उद्या सकाळी पाणी येणार नाही', 'मेंटेनन्स १० तारखेच्या आत भरावा', एवढंच लिहायचं. बाकी फळा कोराच. मी माहेरची वाईची. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, पण लग्नानंतर त्याबद्दल कोणी कधी काही विचारलं नाही. मुलं मोठी झाली, आपापल्या वाटेला लागली, आणि तो कोरा फळा मला रोज जाता-येता दिसायला लागला. एक दिवस पाण्याच्या सूचनेखाली मी चार ओळी खरडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चार. आता नऊ वर्षं होतील.

नियम दोनच. चार ओळींच्या वर जायचं नाही, कारण दूध घेऊन जिना चढणाऱ्या बाईला तेवढाच वेळ असतो. आणि छापील पुस्तकात सापडल्याशिवाय फळ्यावर चढवायचं नाही. हा दुसरा नियम फार महत्त्वाचा. मोबाईलवर रोज सकाळी 'शेअर करा, अभिमान बाळगा' म्हणून जे येतं, त्यातलं निम्मं कोणीतरी घरी बसून रचलेलं असतं. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवलं, हा निरोप तुम्हालाही आला असेलच. युनेस्को असल्या स्पर्धा घेतच नाही! पण आमच्या मजल्यावर तो निरोप तीन वेळा फिरून आला आणि तिन्ही वेळा त्याला पेढे वाटल्यासारखे अंगठे मिळाले.

पुस्तकं कुठली, असं तुम्ही विचाराल. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ सालचा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश, १९२५चा. कवितेत प्रेमाच्या गोष्टी करणारा हा माणूस एकेका फारसी शब्दाच्या मागे असा लागला होता! आणि आमच्या वाईचा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली निघाला. लहानपणी त्या कार्यालयावरून शाळेत जाताना आत माणसं नेमकं काय करतात ते कळायचं नाही. आता तो सगळा विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. तुम्ही कुठल्याही गावात असा, हातात फोन असला की झालं. वाचनालय गावात नाही ही सबब आता चालायची नाही.

त्याच्याही आधी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२९ या काळात ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. केतकरांचं नाव सगळे घेतात. मला मात्र त्यांच्या बायकोचं कौतुक जास्त. एडिथ कोहन ही जर्मन ज्यू मुलगी १९२० साली बोटीनं इथं आली, व्रात्यस्तोम विधी करून हिंदू झाली, शीलवती केतकर झाली, आणि सर्वस्व कोशात ओतलेल्या माणसाबरोबर तिनं पुण्यात संसार केला. नवऱ्यानं घरात २३ खंड आणले की घरातून काय काय जातं, हे ज्या बाईनं असा संसार केलाय तिलाच कळेल. पुढं शीलवतीबाईंनी मराठीत आपल्या आठवणी लिहिल्या. फळ्यावर त्यांच्यावर लिहिलं त्या दिवशी चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आणि ती मराठी शिकली?" मी म्हटलं, "शिकली, लिहिलं, छापलंसुद्धा." काकांची सून दिल्लीकडची आहे. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि माझं उत्तर त्यांना कळलं.

सर्वांत जास्त गर्दी होते ती शब्दांना. इतिहासाला लोक मान डोलावतात, पण शब्द म्हटला की प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतं. सकाळी उठून तुम्ही काय काय हातात घेता बघा. साबण, बालदी, पिंप, चावी. पुढ्यात पाव येतो. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पगाराच्या नोकरीला जातो. बिजागरी कुरकुरते म्हणून मेस्त्रीला बोलावणं जातं. तो घमेलं घेऊन येतो. यातला एकेक शब्द पोर्तुगीज! पगार म्हणजे त्यांच्या भाषेत 'पैसे देणं'. आपण देण्याचा शब्द घेतला आणि मिळण्याला लावला. हापूस हा अफोन्सो या नावाचा अपभ्रंश. तुरुंग तिकडचा, लिलाव तिकडचा, कोबी तिकडचा.

पहिल्या मजल्यावर एक कच्छी बेन राहतात. मुलुंडला नि घाटकोपरला कच्छी-गुजराती वस्ती पहिल्यापासून भरपूर. त्या हसत म्हणाल्या, "आमच्यामंदी पण बटाटा, आमच्यामंदी पण पगार, आमच्यामंदी पण चावी. मंग तुमचा मराठी नि आमचा गुजराती वेगळा कुठे?" पोर्तुगिजांनी दोघींच्याही घरी एकाच पिशवीतून बाजार टाकला, असं म्हणायला हरकत नाही.

फारसीचं तर विचारूच नका. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करून घेतले, रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश लिहवून घेतला. केवढं मोठं काम! तरीही कागद, दरवाजा, खुर्ची, दुकान, वकील, अर्ज हे सगळे आपल्या घरात ठाण मांडून बसले ते बसलेच. रुमाल म्हणजे काय माहीत आहे? 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. पायजमा म्हणजे पायांचं वस्त्र. हे लिहिलं त्या दिवशी शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं एकमेकांना 'ए पायवस्त्र' म्हणून चिडवत होती.

तुपाची गोष्ट वेगळी. एकदा फळ्यावर लिहिलं की तूप, अण्णा, अक्का हे शब्द कानडीतून आले. घरी परत येते तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी विसळत होत्या. त्या जतच्या. जत तालुका सांगली जिल्ह्यात, पण तिथं निम्मं गाव कानडी बोलतं. मावशी म्हणाल्या, "त्यात काय लिवायचं ताई? आमच्यात तुप्पाच म्हनत्यात." मग स्वतःच म्हणाल्या, "अडकित्ता बी आमचाच. अडिके म्हंजी सुपारी." मी हात पुसून शब्दकोश काढला. खरंच होतं! त्या दिवसापासून मावशी फळ्यासमोर थांबून वाचायला लागल्या. सातवीत शाळा सुटलेली. ओळीखाली बोट धरून वाचतात, ओठ हलतात. आणि चूक दिसली की सोडत नाहीत. नुसतं 'जत' लिहून चालत नाही, 'जत, जिल्हा सांगली' असं लिहा म्हणतात. नाहीतर लोकांना वाटतं जत कर्नाटकात आहे.

नात्यांचे शब्द लिहिले तेव्हा तर मजाच आली. सून म्हणजे संस्कृत स्नुषा. लॅटिनमध्ये सुनेला नुरुस म्हणायचे आणि रशियनमध्ये स्नोखा. सगळे एकाच मुळाचे. म्हणजे घरात नवी मुलगी आणायची आणि तिला नावानं न बोलावता 'सून' म्हणायचं, ही रीत हजारो वर्षांची आणि अर्ध्या जगाची! मावशी म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. जाऊ म्हणजे यातृ. आणि नणंद म्हणजे ननांदृ. जुने व्याकरणकार त्याची फोड करतात 'न नंदति', म्हणजे कशानंच आनंदी होत नाही ती. नेमकी त्याच दिवशी माझी धाकटी नणंद बोरिवलीहून आली होती. फळा वाचून वर आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "वहिनी, चहा छान झालाय हं. बघ, झाले की नाही आनंदी?"

असो. मला सांगायचंय ते हुंड्याचं.

२३ जूनला इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात १६६१ साली एक करार झाला होता. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा. मुंबई हुंड्यात दिली, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. पण पूर्ण यादी कोणी सांगत नाही. मुंबई बेट, आफ्रिकेच्या टोकावरचं टँजियर, आणि वर रोख रक्कम, वीस लाख क्रुझादो. वराकडचा सरदार नवरी आणि पैसे न्यायला गेला, तेव्हा रोख रकमेच्या जागी बरीचशी साखर नि इतर माल पुढं करण्यात आला. मुलीकडच्यांची ऐपत तेवढीच होती! पोर्तुगाल स्पेनच्या जाचातून सुटू बघत होता, त्याला इंग्लंडचा आधार हवा होता. कॅथरीनचं वय तेव्हा २२. पुढं इंग्लंडच्या राजवाड्यात चहाची आवड तिनं वाढवली. तिला मूल झालं नाही, नवऱ्याच्या बायकांची मात्र दरबारात रांग होती.

हे सगळं चार ओळींत कसं बसायचं? म्हणून मी तीन दिवस क्रमशः लिहिलं. पहिल्या दिवशी यादी.

दुसऱ्या दिवशी आपलं मुलुंड. इंग्रजांची जहाजं १६६२च्या सप्टेंबरात मुंबईचा ताबा घ्यायला आली. ते म्हणाले, मुंबई म्हणजे ठाण्यापर्यंतचा सगळा मुलूख. पोर्तुगीज म्हणाले, छे! मुंबई म्हणजे फक्त ते बेट. साष्टी आम्ही दिलेलीच नाही. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, वांद्र्यापासून वरचं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, ठाणं, सगळं त्यात आलं. (गोव्यातही एक साष्टी आहे, सासष्टी म्हणतात, ती वेगळी.) झालं! 'तुम्ही दाखवलं एक आणि दिलं एक' हे भांडण सुरू. इंग्रज सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. तिथं रोगराईनं माणसं मेली, त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन १६६४ साली तिथंच गेला. शेवटी १६६५च्या फेब्रुवारीत त्याच्या सेक्रेटरीनं, हंफ्री कुक त्याचं नाव, मिळतंय ते घेऊ म्हणून सही केली. फक्त बेट घेतलं. तीन वर्षांत, १६६८ साली, राजानं तेही ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं. टँजियर तर १६८४ साली सोडूनच दिलं.

म्हणजे बघा, आपली उपनगरं हुंड्यात नव्हतीच. पुढं १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली ती मोठी घंटा त्याच मोहिमेची आठवण. मग १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडे राहिली. मुंबई महापालिकेत मुलुंड आलं ते तर १९५७ साली! पश्चिमेला दहिसर आणि इकडे मुलुंड, दोघी एकाच वर्षी. तोवर आम्ही ठाणे जिल्हा. आमच्या आजींना अजून 'मुंबईला जाऊन येते' म्हणायची सवय आहे.

वॉचमन जौनपूरचा. त्यानं विचारलं, "मॅडम, ये हुंडा माने दहेज ना?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला. त्याला तीन मुली आहेत.

तिसरा भाग मी १ जुलैला लिहिला. कारण तारीखच तशी आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला आणि १ जुलै १९६१ पासून लागू झाला. त्या लग्नाच्या करारापासून बरोबर ३०० वर्षं! फळ्यावर लिहिलं: हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा. किमान पाच वर्षं कैद, आणि दंड १५ हजार रुपये किंवा हुंड्याची किंमत, यात जे जास्त असेल ते. नुसता मागितला तरी सहा महिने ते दोन वर्षं. चौथी ओळ: महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१.

संध्याकाळी फळा पुसलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलेला.

'ब' विंगमध्ये त्याच आठवड्यात एक साखरपुडा होता. मुलगा आमच्या सोसायटीतला, इंजिनिअर. मुलीकडचे डोंबिवलीच्या पुढच्या फ्लॅटचं बुकिंग करून देणार, अशी कुजबूज होती. मुलाची आई लिफ्टमध्ये आपणहून सगळ्यांना सांगायची, "आम्ही काही मागितलं नाही हो, ते हौसेनं देतायत." ही हौस एक अजब चीज आहे. ती नेहमी मुलीच्याच बापाला होते.

पण फळा हुंड्यामुळे पुसला असं कोण म्हणणार? रविवारी मीटिंग लागली. विषय काय, तर फळ्यावरची भाषा! कमिटीतल्या एका तरुण मेंबरनं मुद्दा मांडला की सोसायटीत सगळ्या भाषांचे लोक राहतात, फळा सगळ्यांना समजेल अशा भाषेत असावा, नसेल तर फक्त सूचनांसाठी ठेवावा. लगेच दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ उठले. मुंबईत राहायचं तर मराठी आलंच पाहिजे, ज्याला येत नसेल त्यानं... वगैरे वगैरे. टीव्हीवर ऐकतो आपण ते सगळं. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. मला दोघांचाही राग आला, पण खरं सांगते, दुसऱ्याचा जास्त. नऊ वर्षांत हा माणूस एकदासुद्धा फळ्यापाशी थांबलेला मी पाहिला नव्हता. आणि ज्या घरासाठी हे सगळं चाललं होतं ती मंडळी मागच्या रांगेत शांत बसून होती. मुलाकडची आणि पहिला मेंबर, यांचं जाणं-येणं सगळ्यांना ठाऊक.

तेवढ्यात कच्छी बेन उठल्या. त्या मीटिंगला कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "मला मराठी लिहता येत नाय. पण वाचता येते. कुठून शिकली? ह्याच फळ्यावरनं. जे नाय समजला ते खाली येऊन विचारला. आता तुम्ही बोलता, मला समजत नाय म्हणून बंद करा. मी कधी बोलली का, मला समजत नाय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हुंडाच्या दिवशी पण समजला. एकदम बरोबर समजला."

कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा.

निर्णय असा झाला की प्रवेशद्वाराचं सुशोभीकरण करायचं आहे, म्हणून फळा तिथून काढून मागे, पंपाच्या खोलीजवळ लावायचा. जुन्या जागी आता एक मोठा आरसा आणि प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आहे. साखरपुडा झाला, लग्नही झालं. फ्लॅटचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मावशींचंही त्याच सुमारास चाललं होतं. त्यांच्या मुलीला विजापूरकडचं स्थळ आलं होतं. मुलगी ठाण्याला नर्सिंगचा कोर्स करत होती, शेवटचं वर्ष. तिकडून मागणी दोन तोळे आणि मोटारसायकल. ते कबूल झालं तर निरोप आला की मोटारसायकल कुठली ते आम्ही सांगू. राजाचा हुंडा तीन दिवस मावशींनी बोट धरून वाचला होता. भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "म्हंजी ताई, राजाला बी पुरलं न्हाई?" मी म्हटलं, नाही पुरलं. "आन दिलेलं बी भाड्यानं लावलं?" मी म्हटलं, हो. मग त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ते कायद्याचं मला कागदावर लिवून द्या. मोठ्या अक्षरात. तारखेसकट."

मी दिलं. बैठकीला त्या कागद घेऊन गेल्या. त्यांच्या दिरानं तो हातातून घेतला आणि न वाचताच खिशात घातला. स्थळ मोडलं, पण कायद्याला भिऊन नाही. मुलगी सावळी आहे, असं त्यांनी कळवलं. इतक्या बैठका होईपर्यंत ती गोरी होती म्हणायची! ती मुलगी आता एका हॉस्पिटलात लागली आहे, आठवड्यातून तीन रात्री ड्यूटी असते. मावशींना बरं वाटलं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "लोक इच्यारत्यात की, कधी करनार म्हनून. काय सांगू?" पगार झाला की मुलगी आईच्या हातात देते आणि मावशी तो मोजून परत तिच्याच बँकेत टाकायला लावतात. पासबुक कोणाच्या नावानं काढायचं, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं होतं.

फळा मागे गेल्यावर मला वाटलं, आता कोण वाचणार. पण मागचा जिना कामवाल्यांचा, दूधवाल्यांचा, कचरा नेणाऱ्यांचा, ड्रायव्हरांचा. पुढच्या दारापेक्षा तिथं वर्दळ जास्त! दूधवाल्यानं विचारलं की भैया हा शब्द कुठला. इस्त्रीवाल्याला त्याच्या धंद्याचं नाव पोर्तुगीज आहे हे कळल्यापासून तो ते सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलाय. आजींना तेवढं मागे चालत जायला त्रास होतो, म्हणून त्यांना मी संध्याकाळी फोनवर वाचून दाखवते. कच्छी बेन भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम मागच्या जिन्यानं येतात. नवीन सून आलीय ना 'ब' विंगमध्ये, तीही परवा तिथं उभी दिसली. ओढणीनं खडूची धूळ झटकत होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "काकू, ते हुंड्याचं तीन भागांतलं सासूबाई सांगत होत्या. मला वाचायला मिळेल का?"

तीन भाग वहीत आहेत. दिले.

परवा शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवणाऱ्या बाईंनी अडवलं. म्हणाल्या, आम्हाला सगळे 'आया' म्हणतात, ते आईवरून का? नाही, ते पोर्तुगीज आया, मूल सांभाळणारी बाई. त्यांना ते फारसं आवडलं नाही. "आईवरून असतं तर बरं झालं असतं," म्हणाल्या. उद्या फळ्यावर तेच लिहायचंय, आणि चौथ्या ओळीत काय घालावं ते अजून सुचलेलं नाही.